डिस्चार्जनंतर रुग्णाचं पुढे कोण बघतं? (नर्सिंगच्या प्रबंधासाठी अनुभव हवेत)

निशिगंध · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एम.एस्सी. नर्सिंग करते आहे, शाखा मेडिकल-सर्जिकल. त्याआधी काही वर्षं इथल्याच एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स होते. आता प्रबंधाचा विषय द्यायचा आहे.

आमच्याकडे बहुतेक प्रबंध एकाच साच्यातले असतात: 'निवडक रुग्णालयांतील अमुक रुग्णांच्या ज्ञानावर संरचित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता'. आधी प्रश्नावली भरून घ्यायची, मग तक्ते दाखवून माहिती सांगायची, सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा. गुण वाढतातच. पण घरी गेल्यावर त्या माणसाने गोळ्या बरोबर घेतल्या का, रोज वजन केलं का, पाय सुजल्यावर कुणाला फोन केला, हे बघायला कुणी गेलेलं नसतं. मला तेच बघायचं आहे.

हार्ट फेल्युअरचा एखादा पेशंट घ्या. हृदयरोगतज्ज्ञ, किडनीचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, फिजिओ, फार्मसी, विम्याची मंजुरी बघणारा टीपीएचा डेस्क आणि घराजवळचे फॅमिली डॉक्टर, सगळे आपापलं काम करतात. या सगळ्यांची सांगड घालायचं काम प्रत्यक्षात वॉर्डातली सिस्टर करते, दोन राउंडच्या मधे, फोन खांद्याला धरून. हे काम तिच्या कामाच्या यादीत नसतं आणि ऑडिटमध्येही दिसत नाही.

तर प्रश्न दोन. घरी गेल्यावरच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या माणसाचं काय झालं? आणि नर्स, डॉक्टर मंडळींनो, हे काम कुणाचं असावं, आणि नर्सकडे त्यासाठी वेळ, शिक्षण आणि अधिकार आहे का? रुग्णालयांची नावं कृपया लिहू नका.

नारायणपेठ · सोमवार, रात्री १०:२५

माझ्या थोरल्या भावाची अँजिओप्लास्टी झाली होती. सकाळी राउंडला डॉक्टर म्हणाले 'आज घरी', आणि विम्याची मंजुरी येईपर्यंत दिवेलागण झाली. तोपर्यंत दिवसपाळीच्या सिस्टर निघून गेलेल्या. नव्या सिस्टरांनी औषधांची पिशवी आणि कार्ड हातात दिलं, पाच मिनिटांत सगळं सांगितलं. त्या चांगलंच बोलत होत्या, पण मागे दोन बेल वाजत होत्या.

घरी वहिनींनी नवी औषधं सुरू केली आणि जुनीही चालू ठेवली, कारण जुनी बंद करा असं कार्डावर कुठेच नव्हतं. रक्तदाबाची टेल्मिसार्टन ही गोळी फॅमिली डॉक्टरांनी एका कंपनीची दिलेली, रुग्णालयाने दुसऱ्या कंपनीची. दोन वेगळी नावं, गोळी तीच. भाऊ बाथरूममधून येताना चक्कर येऊन पडला. नशीब, हाड मोडलं नाही. चूक कुणी शोधली? कोपऱ्यावरच्या केमिस्टने.

रातराणी · सोमवार, रात्री ११:५०

निशिगंध, ब्रेकमध्ये लिहिते आहे. मी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण रुग्णालयातल्या साध्या वॉर्डात ३ रुग्णांमागे १ नर्स, इतर रुग्णालयांत ५ मागे १, आयसीयूत १ ला १ असा आहे. आमच्या मेडिसिन वॉर्डात रात्री खाटा भरून खाली गाद्या टाकलेल्या असतात आणि आम्ही दोघी. एकीने इंजेक्शनं सुरू केली की दुसरी नव्या अ‍ॅडमिशनच्या मागे. विगो (शिरेत लावलेली सुई) निघालेला, सलाईन संपलेलं, एकजण गोंधळून खाटेवरून उतरतोय.

अशा वेळी आधी काय सुटतं? ज्याने पेशंट लगेच दगावणार नाही ते. कूस बदलणं, उठवून चार पावलं चालवणं, तोंडाची स्वच्छता आणि समजावून सांगणं. समजावणं तर सगळ्यात आधी सुटतं. वहिनींना जुनं औषध बंद करायला सांगायचं कुणाला सुचत नाही असं नाही हो काका. त्यासाठी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून पंधरा मिनिटं बसावं लागतं.

मेथीदाणा · मंगळवार, सकाळी ७:१०

रातराणी +१. आई अ‍ॅडमिट असताना मी हेच डोळ्यांनी पाहिलंय. सिस्टर रागावतात असं लोक म्हणतात, त्या जेवल्या का हे कुणी विचारत नाही.

स्टेथो · मंगळवार, सकाळी ८:३०

मी फिजिशियन आहे. थोडा वेगळा सूर लावतो.

समन्वयाची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरची आहे आणि ती तिथेच राहावी. डिस्चार्ज कार्डावर सही माझी असते. उद्या नर्सने फोनवर 'लघवीची गोळी दुप्पट करा' सांगितलं आणि पेशंटचं सोडियम घसरलं तर उत्तर कोण देणार? दुसरं, वॉर्डातल्या निम्म्या मुली वर्षभरातल्या असतात. त्यांना पेशंट कळायला लागतो तेव्हा त्या सोडून जातात. आधी स्थिर स्टाफ द्या, समन्वयाचं मग बोलू.

निशिगंध · मंगळवार, दुपारी २:०५

सर, मुद्दा रास्त आहे, पण यावर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मेरी नेलर स्वतः नर्स आहेत. त्यांनी १९९९ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. फिलाडेल्फियातल्या दोन रुग्णालयांतले ६५ वर्षांवरचे ३६३ रुग्ण. एका गटाला नेहमीची सेवा. दुसऱ्या गटासाठी उच्चशिक्षित नर्स अ‍ॅडमिशनपासूनच पेशंटला भेटायची, घरी गेल्यावर ४८ तासांत त्याच्या दारात जायची, आणि आठवड्याचे सातही दिवस फोनवर असायची. २४ आठवड्यांत पुन्हा भरती झालेले नेहमीच्या गटात ३७.१ टक्के, नर्सच्या गटात २०.३ टक्के.

ती नर्स मनाने डोस बदलत नव्हती, डॉक्टरांशी बोलूनच सगळं ठरवायची. तिचं खरं काम होतं ते पेशंटच्या घरात नेमकं काय चाललंय हे डॉक्टरांपर्यंत वेळेत पोचवणं.

एरिक कोलमन या डॉक्टरांच्या २००६ च्या अभ्यासात तर 'कोच' म्हणून नेमलेली नर्स स्वतः शुश्रूषाही करत नव्हती. चारच गोष्टींवर भर: औषधं स्वतः सांभाळणं, स्वतःची नोंदवही जवळ ठेवणं, पुढची भेट चुकवायची नाही, आणि धोक्याची लक्षणं ओळखणं. त्यानेही पुन्हा भरती होणं कमी झालं.

शततारका · मंगळवार, दुपारी ४:४५

संख्याशास्त्र माझा विषय, म्हणून या आकड्यांबद्दल थोडं. नेलरबाईंची चाचणी यादृच्छिक होती, म्हणजे कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलेलं, त्यामुळे तिचं वजन जास्त. मनुष्यबळाबद्दल लोक ज्याचा दाखला नेहमी देतात तो लिंडा एकन यांचा २००२ चा अभ्यास वेगळ्या जातीचा आहे. पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं, शस्त्रक्रियेचे रुग्ण, आणि निष्कर्ष असा की एका नर्सवर एक जादा रुग्ण पडला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसते. तो निरीक्षणात्मक अभ्यास आहे, गट पाडून केलेला प्रयोग नाही, म्हणून 'यामुळेच' म्हणताना जपून. पण २०१४ मध्ये युरोपातल्या ९ देशांत ३०० रुग्णालयांत तसंच चित्र दिसलं, आणि तिथे पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त तर मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी कमी, हेही आढळलं. वेगवेगळ्या देशांत तेच दिसत राहिलं की शंका घ्यायला जागा कमी उरते.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडने २०१६ मध्ये कायदाच केला: सकाळ-दुपार ४ रुग्णांमागे १ नर्स, रात्री ७ मागे १. कायदा लागू झालेल्या २७ रुग्णालयांची इतर २८ शी तुलना २०२१ मध्ये छापून आली. मृत्यू, पुन्हा भरती आणि मुक्काम, तिन्ही बाबतींत कायदावाली रुग्णालयं सरस. नर्स वाढवायला जेवढा खर्च झाला त्याच्या दुपटीने पैसे वाचले असा संशोधकांचा हिशोब आहे.

हिशेबनीस · मंगळवार, सायंकाळी ६:२०

वाचले, पण कुणाचे? मी एका मध्यम रुग्णालयाचं प्रशासन बघतो. क्वीन्सलंडमध्ये रुग्णालय सरकारचं आणि बिलही सरकारचं, म्हणून वाचलेले पैसे त्याच खिशात राहतात. अमेरिकेत २०१२ पासून, ठरावीक आजारांचे रुग्ण प्रमाणाबाहेर परत भरती झाले तर मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, त्या रुग्णालयाचे पैसे कापतं. आपल्याकडे पेशंट परत आला तर नवं अ‍ॅडमिशन, नवं बिल. मी संचालकांसमोर समन्वयक नर्सचं पद मांडलं तर पहिला प्रश्न 'हिचा पगार कुठल्या पॅकेजमध्ये बसतो?' हाच येतो. विमा कंपनी त्याचे पैसे देत नाही, महात्मा फुले योजनेतही त्याची वेगळी रक्कम मिळत नाही.

मला हे पद हवंय. म्हणूनच सांगतोय की तुमच्या प्रबंधात खर्चाचा एक रकाना ठेवा. एका नर्सचे किती तास लागले एवढं जरी मोजलंत तरी माझ्यासारख्याला हातात धरायला काहीतरी मिळेल.

रातराणी · मंगळवार, रात्री ९:१५

स्टेथो सर, 'मुली सोडून जातात' हे खरं. का जातात ते आमच्या बाजूने ऐका.

मी सुरुवातीला खासगीत होते. मूळ प्रमाणपत्रं कार्यालयात जमा, बाँड सही केलेला, डबल ड्यूटी सांगितली की नाही म्हणायची सोय नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राच्या समितीने ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही किमान २०,००० पगाराची शिफारस केली होती. नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या तुमच्या ओळखीतल्या एखाद्या मुलीला आज विचारा काय मिळतं. नाव न घेता विचारा, नाहीतर ती सांगणार नाही.

बाडेनवरून · मंगळवार, रात्री ११:३०

मी त्या सोडून गेलेल्यांपैकी एक. पुण्यात बी.एस्सी. नर्सिंग, मग जर्मन भाषा बी२ पातळीपर्यंत, आता दक्षिण जर्मनीत.

इथे आल्यावर पहिला धक्का म्हणजे अंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं हे सगळं नर्सच करते, मामा-मावशी नाहीत. पुण्यात मी ज्या गोष्टी सहज करायचे त्यातल्या काहींना इथे डॉक्टर लागतो. पहिले काही महिने मला वाटायचं शिक्षण वाया गेलं. नंतर लक्षात आलं की अंगाला हात लावल्याशिवाय पेशंटची त्वचा, श्वास, धास्ती काही कळत नाही.

धाग्याशी संबंधित भाग असा: इथे ऑक्टोबर २०१७ पासून डिस्चार्जचं नियोजन ठरलेल्या करारानुसार रुग्णालयावर बंधनकारक आहे. घरी मदत लागेल का, पलंग-वॉकर लागेल का, पुढचा डॉक्टर कोण, हे पेशंट भरती असतानाच ठरवायचं. तीन किंवा जास्त औषधं कायमची चालू असतील तर छापील औषध-तक्ता मिळण्याचा पेशंटला हक्क आहे. त्यात औषधाचा घटक, कंपनीचं नाव, सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र आणि कशासाठी, असे सरळ रकाने. नारायणपेठकाका, तुमच्या वहिनींच्या हातात तो कागद असता तर एकाच घटकाचं नाव दोनदा दिसलं असतं.

इथे सगळं छान नाही. रात्री एकटी नर्स इथेही असते.

सोनचाफा · बुधवार, सकाळी १०:००

'मावशी' वाचून लिहावंसं वाटलं. वडिलांना पक्षाघात झाला, रुग्णालयातून राइल्स ट्यूबसकट (नाकातून पोटात जाणारी, भरवायची नळी) घरी आणलं. मी कोथरूडला, भाऊ बाहेरदेशी. ब्युरोतून बारा तासांच्या पाळीवर बाई आल्या. ब्युरोवाल्याने फोनवर 'नर्स पाठवतो' म्हटलं होतं. बाई मनाने खूप चांगल्या, पण त्यांनी कधी ट्यूबमधून भरवलं नव्हतं. भरवताना डोकं उंच ठेवायचं, आधी ट्यूब जागेवर आहे का बघायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, यातलं त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. मलाही नव्हतं. माकडहाडावर जखम झाली तेव्हा कळलं.

मग आमच्या सोसायटीतल्या एक निवृत्त मेट्रन आल्या आणि बाईंना व मला एका दुपारी सगळं शिकवून गेल्या. बाईंनी त्यानंतर वडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं. त्या आता दुसऱ्या घरी जातात तिथेही तसंच करतात. मनुष्यबळ म्हणताना या बायका तुमच्या अभ्यासात कुठे येतात का?

मेथीदाणा · बुधवार, सकाळी १०:४०

सोनचाफा, त्या मेट्रनबाईंना माझा नमस्कार सांगा. अशा एक बाई प्रत्येक सोसायटीत हव्यात, मेंटेनन्समध्ये शंभर रुपये वाढवले तरी कुणी भांडणार नाही :)

पाठनिर्देशिका · बुधवार, दुपारी ३:३०

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. साच्यातल्या प्रबंधांबद्दल निशिगंध लिहिते ते बरोबर आहे, पण मुलींना दोष देऊ नका. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात माहिती गोळा करायला जेमतेम काही आठवडे मिळतात. रुग्णालयाची परवानगी, नैतिकता समितीची मंजुरी, मार्गदर्शकांकडे सात-आठ विद्यार्थिनी. शिकवणं आणि चाचणी घेणं वेळेत बसतं, घरी जाऊन पाहणं बसत नाही.

जरा इतिहास. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि बायकांना, त्यात विधवाही होत्या, ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. घरंदाज बाईने परक्याची शुश्रूषा करायची ही कल्पनाच तेव्हा लोकांना सोसत नव्हती. त्या काळी नर्स घडवायच्या म्हणजे बाईला घराबाहेर काढायचं. आता नर्स घडतात, परीक्षा पास होतात, पण पेशंटच्या खाटेजवळ टिकत नाहीत.

पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पाच पायऱ्या आम्ही शिकवतो, नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत. नवशिकी नर्स नियम पाळते. अनुभवी नर्सला चार्ट बघण्याआधीच 'हा पेशंट आज बरा दिसत नाही' हे जाणवतं, आणि कुणाला फोन करायचा तेही ठाऊक असतं. सांगड घालायचं काम या दुसरीचं आहे. आणि आपल्या व्यवस्थेत ती तयार झाली की तिला परिसेविका (वॉर्डची इन्चार्ज) करून रजिस्टर, इंडेंट (सामानाची मागणी) आणि ड्यूटीलिस्टला बसवतात. खाटेजवळ राहून बढती मिळत नाही. परिचर्या परिषदेने क्रिटिकल केअरचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आणला, चांगलं केलं, पण ती पदवी घेऊन आलेल्या मुलीला पद कुठलं द्यायचं हा प्रश्न आहेच.

स्टेथो · बुधवार, रात्री ८:५०

नेलरचा मूळ पेपर वाचला. डोस बदलण्याचा निर्णय डॉक्टरचाच हवा या मतावर मी ठाम आहे. पण लेखी ठरलेल्या चौकटीत नर्सने ४८ तासांत फोन करावा आणि वजन दोन दिवसांत दोन किलो वाढलं, धाप लागते, चक्कर येते, यांपैकी काही आढळलं तर त्याच दिवशी मला कळवावं, याला माझी हरकत नाही. उलट मला हवंच आहे. सध्या मला हे कळतं तेव्हा पेशंट कॅज्युअल्टीत असतो.

त्या नर्सला मला थेट फोन करायची मुभा हवी. रेसिडेंटमार्फत नाही.

रातराणी · बुधवार, रात्री ९:०५

सर, हे शेवटचं वाक्य छापून आमच्या ड्यूटीरूममध्ये लावायला द्या.

भोरचा_सीएचओ · गुरुवार, सकाळी ६:४५

मी बी.एस्सी. नर्सिंग करून भोर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. सगळी चर्चा शहरातल्या घराची चालली आहे म्हणून लिहितो.

आमच्या गावचा माणूस पुण्यात भरती होतो आणि शनिवारी एसटीने परत येतो. मला कुणी कळवत नाही. दोन आठवड्यांनी आशाताई घरभेटीला जातात तेव्हा कळतं की अमुक मामांची बायपास झाली. कार्ड इंग्रजीत. त्यावर 'फॉलोअप ओपीडी' एवढंच. पुण्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते, सोबत एक माणूस लागतो. बीपी, साखर तपासणं, टाके बघणं, औषधं जुळवणं हे मी इथे करू शकतो, ते माझं कामच आहे. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्याही केंद्रात असतात. फक्त पेशंट येतोय हे कुणीतरी सांगायला हवं. एक फोन पुरे.

शततारका · गुरुवार, सकाळी ११:१५

निशिगंध, आता मूळ प्रश्नाकडे. ज्ञानाचे गुण सोडा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी किंवा फोनवर एकच गोष्ट पक्की मोजा: कार्डावरची औषधं आणि प्रत्यक्ष घेतली जाणारी औषधं यांत किती ठिकाणी फरक आहे. जादा गोळी, सुटलेली गोळी, चुकीचा डोस, असे प्रकार आधी ठरवा. एका वॉर्डात नेहमीचा डिस्चार्ज, दुसऱ्यात नर्सने दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून समजावलेला आणि पेशंटकडून परत वदवून घेतलेला. दोन्ही वॉर्डांतले पेशंट सारखे असतील असं धरून चालू नका. वय, औषधांची संख्या, घरी कोण आहे, हे लिहूनच घ्या. हिशेबनीस म्हणतात तो तासांचा रकानाही.

पाठनिर्देशिका · गुरुवार, दुपारी १:००

हे वेळेत बसतं. सोबत नर्सच्या बाजूने बिआट्रिस कॅलिश यांची सुटलेल्या शुश्रूषेची प्रश्नावली वापरता येईल. २००६ च्या त्यांच्या पहिल्या अभ्यासात नेहमी सुटणाऱ्या नऊ गोष्टी निघाल्या होत्या, त्यात कूस बदलणं, चालवणं, रुग्णाला शिकवणं, डिस्चार्जचं नियोजन हे सगळं आहे. रातराणीने रात्री ब्रेकमध्ये लिहिलेली यादी जवळपास तीच. वापरायची परवानगी आधी मागून घे, आणि उत्तरं निनावी ठेव. इन्चार्जच्या हातात कागद जाणार असेल तर कुणी खरं लिहिणार नाही.

निशिगंध · गुरुवार, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. शततारकांचा आराखडा आज मार्गदर्शक मॅडमना दाखवला, त्यांनी 'हार्ट फेल्युअर आणि अँजिओप्लास्टी, दोनच गट घे' म्हणून होकार दिला. माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत लिहायला घेतलं आहे. सोनचाफा, ब्युरोतल्या बायकांचा प्रश्न यात मावणार नाही, पण 'घरी औषध कोण देतं' या प्रश्नात 'पगारी मदतनीस' हा पर्याय ठेवते आणि त्यांच्याशीच बोलते.

सीएचओ दादा, एक विचारायचं होतं. बाहेरगावच्या पेशंटना मी फोनच करू शकेन. केसपेपरवरच्या नंबरवर लागेल ना?

भोरचा_सीएचओ · शुक्रवार, सकाळी ६:३०

लागेल, पण उचलेल तो मुलगा, आणि तो असतो चाकणला कंपनीत. त्याला आई कुठल्या गोळ्या घेते ते माहीत नसतं, तो 'सगळं व्यवस्थित आहे' सांगून फोन ठेवतो. डिस्चार्जच्या दिवशी विचारा, घरी गोळ्या कोण काढून देतं, आणि त्या माणसाचा नंबर घ्या. बऱ्याचदा सून असते, कधी शेजारची. संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा शेतात रेंज नसते. आणि उपकेंद्राचा नंबरही लिहून घ्या, लागला नाही तर मी घरी जाऊन येईन.